गुरुवारचं चोरटं गणित

वर्धा गणित मंडळाच्या तिसऱ्या जाहीर सभेला चार माणसं आली होती. त्यांतली दोघं आर्वीच्या मोटारीची वाट पाहत होती. वाचनालय मोटारस्टँडच्या अगदी समोर होतं, मार्चचं ऊन चढायला लागलं होतं, आणि आत पंखा होता. तिसरे अण्णाजी, वाचनालयाचे ग्रंथपाल. सभा आटोपल्यावर कुलूप त्यांनाच लावायचं असल्यामुळे ते बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. चौथी होती एक गोरी बाई. अंगावर खादीचं पांढरं पातळ, केस मागे घट्ट बांधलेले. ती शेवटच्या बाकावर बसून मन लावून ऐकत होती.

फळ्यापाशी उभे होते बंडोपंत साल्पेकर. रामनगरात राहणारे, हायस्कुलात गणित शिकवणारे, वय पन्नाशीकडे झुकलेलं. शिकवताना खडू इतका जोरात दाबायचे की तासाला दोन-तीन तरी मोडत. गावात एक गणित मंडळ असावं, लोकांनी चार घटका येऊन गणिताचा आनंद घ्यावा, हे त्यांचं जुनं वेड. त्यासाठी त्यांनी स्वतः पाटी रंगवली होती, ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ अशी अक्षरं ठळक काढली होती, आणि ती पाटी दोन दिवस भर चौकात टांगून ठेवली होती.

“साम्राज्यं येतात आणि जातात,” बंडोपंत रंगात येऊन म्हणाले. “लढाया होतात, सरहद्दी बदलतात. पण गणित या सगळ्याच्या वर असतं. त्याला कशाचीही झळ लागत नाही!”

गोरी बाई उठली. तिनं बाक सरळ केला, हात जोडले आणि चालू लागली. तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला आणि ते दोघंही पिशव्या सावरत पळाले. त्या गडबडीनं अण्णाजी जागे झाले आणि सभा संपली असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन बंडोपंतांनी टोपी खुंटीला अडकवली आणि झालं ते यशोदाबाईंना सांगितलं. यशोदाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मोटारवाले गेले त्याचं काही नाही हो. त्यांची मोटार होती. पण ती बाई का गेली?”

“मला काय ठाऊक!”

“मग विचारून या ना. इथं धुसफुसत बसून थोडंच कळणार आहे?”

रविवारी सकाळी बंडोपंतांनी सायकल काढली आणि सेवाग्रामचा रस्ता धरला. गोरी बाई शोधायला वेळ लागला नाही. दवाखान्याच्या मलमपट्टीच्या खोलीत ती तीन वर्षांपासून काम करत होती आणि आसपासच्या खेड्यांत तिला सगळे ओळखत होते. तिचं नाव हालिना. पण जखम धुताना रोगी ‘हळू, ताई, हळू’ म्हणून ओरडत, आणि बाहेर ओळीत बसलेल्यांना वाटे की हेच तिचं नाव. तेव्हापासून ती हळूताई झाली होती.

बंडोपंतांना तिनं कडुलिंबाखाली बाकावर बसवून ठेवलं. रोग्यांची रांग संपल्यावर हात पुसत बाहेर आली.

“माफ करा,” बंडोपंतांनी ठेवणीतल्या इंग्रजीत सुरुवात केली. “परवा माझ्या व्याख्यानातून आपण मध्येच...”

“मराठीत बोला नं,” हळूताई म्हणाली. “इंग्रजी मले बी परकी, न् तुम्हाले बी परकी.”

बंडोपंत तिच्याकडे बघतच राहिले. वऱ्हाडी बोली आणि तीही अशी सफाईनं!

“मी उठून गेली, कारण तुम्ही खोटं बोलून राह्यले होते,” ती म्हणाली. “गणिताले झळ लागत नाई म्हणे! मले विचारा.”

आणि त्यांनी विचारलं. मग हळूताईनं जे सांगितलं ते ऐकताना बंडोपंत बाकावरून हलायलाही विसरले.

तिचं गाव ल्वूफ. ती जन्मली तेव्हा ते पोलंडात होतं. त्याआधी ऑस्ट्रियाच्या बादशहाचं होतं. ती कॉलेजात गेली त्या वर्षी ते रशियानं घेतलं, मग जर्मनांनी घेतलं, आणि आता पुन्हा रशियाकडे होतं.

“गाव बोटभर हाललं नाई,” ती म्हणाली. “देशच त्याच्यावरून ये-जा करून राह्यले.”

पोलंड हा देशच मुळी सव्वाशे वर्षं नकाशावर नव्हता. तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता. पहिली मोठी लढाई संपली, देश परत मिळाला, तेव्हा तिथले गणिताचे मास्तर विचाराला बसले. जर्मनांकडे, फ्रेंचांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती. त्यांची बरोबरी सगळीकडे कशी करणार? मग त्यांनी ठरवलं, की सगळं रान कसत बसायचं नाही. गणितातला एकच नवा तुकडा घ्यायचा, सगळ्यांनी मिळून तोच कसायचा, आणि असा कसायचा की जगानं बांधावर उभं राहून बघावं. आणि वीस वर्षांत जग खरंच आलं. तिच्या गावात तर मास्तर लोक हाटेलात कॉफी पीत टेबलांवरच गणितं लिहीत आणि हाटेलवाला कपाळाला हात लावी.

“मंग जर्मन आले. त्याईनं कॉलेज बंद केलं. पोलिश माणसाले हमालीपुरतं मोजता आलं म्हणजे लय झालं, त्याच्यावर शिकायची बंदी. आल्या आल्या एका रात्री गावातले किती तरी प्राध्यापक घरातून काढले न् टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. आमच्या देशात लढाई संपली तवा गणितवाले निम्मेच उरले होते. उरले त्याच्यातले बी काही दूर अमेरिकेत. न् तुम्ही म्हणता, झळ नाई!”

बंडोपंतांनी विचारलं, “मग तुम्ही शिकलात कुठं?”

“चोरून. बोरेत्स्की मास्तर होते आमचे. कोणाच्या तरी घरी, स्वयंपाकघरात. आमी सहाजण. मधात टेबलावर केक ठेवत होतो. कोणी आलं तर म्हणायचं, वाढदिवस हाय.” ती हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. “एक दिवस आले ते. मास्तरले घेऊन गेले. आमाले जर्मनीत कारखान्यात कामाले धाडलं.”

लढाई संपल्यावर निर्वासितांच्या छावणीत मदत करायला आलेल्या इंग्लंडच्या क्वेकर पंथाच्या लोकांबरोबर ती निघाली, त्यांच्या कामासाठी होशंगाबादला आली, आणि तिथून सेवाग्रामला. गणिताला मात्र त्यानंतर तिनं हात लावला नव्हता. त्या दिवशी चौकातली पाटी दिसली आणि पाय आपोआप वाचनालयाकडे वळले होते.

“पण तुम्ही,” ती एकदम म्हणाली, “तुम्ही बी बेचाळीसमंधी जेलात गेलते नं? मंग तुम्ही काऊन असं बोलता?”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाले कायले पायजे? वर्धा-सेवाग्रामात जेलात न गेलेला मानूस शोधून दाखवा!”

बंडोपंतांना हसू आलं. ते नागपूरच्या एका कॉलेजात शिकवत होते तेव्हा. संख्यांच्या एका जुन्या प्रश्नावर काम चाललं होतं, कलकत्त्याच्या मोठ्या मंडळींनी त्यात लक्ष घातलं होतं. ऑगस्टमध्ये मिरवणुकीत शिरले आणि दोन वर्षं आत गेले. सुटून आले तेव्हा नोकरी गेलेली, मधल्या काळात काम पुढं सरकलेलं, आणि पस्तिशी उलटलेली. जेलनं आपलं गणित खाल्लं, ही गोष्ट ते कोणाजवळ बोलत नसत. यशोदाबाईंजवळही नाही. त्या दिवशी सेवाग्रामच्या कडुलिंबाखाली ते पहिल्यांदा बोलले.

“झळ लागत नाही, हे मी बहुतेक स्वतःलाच सांगत असतो,” ते म्हणाले.

“जेलात काय करत होते दोन वर्षं?”

“काय करणार? बराकीत भूमिती शिकवायचो. कोळशानं फरशीवर आकृत्या काढून.”

“किती लोक येत?”

“सगळेच. जातील कुठं?”

यावर हळूताई इतकी मोठ्यानं हसली की दवाखान्याच्या ओसरीवर पडलेले रोगी वळून बघायला लागले.

“मंग तेच तर! मोकळं सोडलं की कोणी येत नाई. तुमची ती पाटी काढून टाका. ‘मुक्त प्रवेश’ म्हटल्यावर लोकाईले वाटते, फुकटची वस्तू, उद्या बी भेटंन. चोरून शिकवा. मी सांगतो कसं ते.”

ती ‘मी सांगतो’च म्हणाली. मराठी ती बहुतेक पुरुष रोग्यांकडून शिकली होती आणि कधी कधी असं व्हायचं.

यशोदाबाईंना हा बेत ऐकवला तेव्हा त्यांनी एकच अडचण काढली.

“स्वयंपाकघरात वर्ग? मग मी स्वयंपाक कुठं करू?”

“तिथंच.”

“म्हणजे मलाही सगळं ऐकावं लागणार.”

“चालेल ना?”

“चालेल की. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुम्ही नक्की काय शिकवता ते एकदा तरी कळू दे.”

दिवस ठरला गुरुवारचा, शाळा सुटल्यावरची वेळ. पाटी नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी नाहीत. येणाऱ्यानं फक्त एकाला सांगायचं, आणि तेही जो कोणाला सांगणार नाही अशालाच. हा नियम हळूताईनं घातला होता. ल्वूफमध्ये तो जिवावरचा होता. वर्ध्यात त्याचा परिणाम असा झाला, की पंधरवड्यात ‘कोणाला सांगू नका’ असं म्हणत ही गोष्ट सगळ्या गावानं सगळ्या गावाला सांगितली.

पहिल्यांदा आल्या कुसुमबाई. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. पण अंकगणिताची कोडी सोडवल्याशिवाय त्यांना झोप येत नसे आणि हे व्यसन त्यांनी आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. मग श्रीनिवास आला, पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत कारकून. पॅसेंजरनं दर गुरुवारी येई आणि शेवटच्या गाडीनं परत जाई. अण्णाजीही आले. कुलूप लावायची जबाबदारी नसल्यामुळे ते टक्क जागे असायचे, आणि शंका तर इतक्या विचारायचे की बंडोपंतांना घाम फुटायचा. महिन्याभरात स्वयंपाकघर भरलं, माणसं माजघरात बसायला लागली. हळूताई सेवाग्रामहून सायकलनं येई, दाराजवळ भिंतीला टेकून बसे. चूक झाली की टोकी, अडलं की वाट दाखवी. पण बंडोपंतांनी खडू पुढं केला की मान हलवी.

“पुढच्या गुरुवारी.”

केकच्या जागी मधोमध शिऱ्याची परात असे. कोणी आलं तर वाढदिवस म्हणायचं, हे यशोदाबाईंना पसंत नव्हतं.

“इथं मोठ्या माणसांचा वाढदिवस कोण करतं? त्यापेक्षा सत्यनारायण म्हणा.”

पण हळूताई ऐकेना. चोरटा वर्ग म्हणजे वाढदिवस, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. आणि तसंही, वर्ध्यात कोण धाड घालणार होतं?

सप्टेंबर उजाडला. राज्यांची फेररचना तोंडावर आली होती. वर्धा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार होतं. कोणाला ते हवं होतं, कोणाला वेगळा विदर्भ हवा होता, चौकाचौकात वाद झडत होते आणि पोलीस कान टवकारून होते. अशात ठाणेदार मनोहरराव भोयर यांच्या कानावर एक गोष्ट आली. बेचाळीसचा एक जेलवाला मास्तर. कम्युनिस्ट देशातून आलेली एक गोरी बाई. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतला एक कारकून. दर गुरुवारी दार लोटून बैठक, आणि जो तो म्हणतो, कोणाला सांगू नका.

त्या गुरुवारी वर्गात नकाशाचा विषय होता. तो हळूताईनंच सुचवला होता, आणि गेले दोन आठवडे सगळे त्यात बुडाले होते. नकाशा रंगवायचा, शिवेला शीव लागलेली दोन गावं एकाच रंगाची येता कामा नयेत. किती रंग लागतील? चार पुरतात असं सगळ्या जगाला वाटतं. पाच लागतील असा नकाशा आजवर कोणाला काढता आला नाही. पण चार पुरतातच, हेही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.

“म्हणजे उत्तर कोणालाच माहीत नाही?” कुसुमबाईंनी डोळे मोठे करून विचारलं होतं.

“कोणालाच नाही.”

“मोठमोठ्यांनाही?”

“त्यांनाही नाही.”

त्यावर स्वयंपाकघरात जो आनंद पसरला तो सांगून समजायचा नाही.

तर त्या दिवशी फरशीवर वर्धा जिल्ह्याचा भला मोठा नकाशा काढला होता. पुलगाव, नाचणगाव, देवळी, सेलू, आंजी, एकेक गाव आपापल्या शिवेसकट. रंग यशोदाबाईंचे: हळद, कुंकू, कपड्यांची नीळ आणि पांढरी रांगोळी. श्रीनिवास गुडघे टेकून पुलगावात कुंकू भरत होता. आणि तेवढ्यात यशोदाबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “अहो, फाटकातून पोलीस येताहेत!”

पाठोपाठ ओसरीवर बूट वाजले आणि दारावर थाप पडली.

बंडोपंतांनी हळूताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, एका झेपेत फळ्यापाशी गेली, पदरानं फळा पुसला, मग खाली बसून दोन्ही हातांनी नकाशा विस्कटायला लागली. हळद-कुंकू एक झालं. तिनं शिऱ्याची परात ओढून त्यावर ठेवली.

“वाढदिवस,” ती कुजबुजली. “वाढदिवस हाय. सगळ्याईनं तेच सांगा.”

मनोहरराव दोन शिपायांना घेऊन आत आले. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

“काय चालू हाय इथं?”

“वाढदिवस!” सगळे एका सुरात म्हणाले.

“कोणाचा?”

“यशोदाबाईंचा,” कुसुमबाई म्हणाल्या. “मास्तरांचा,” श्रीनिवास म्हणाला. आणि अण्णाजींनी गोंधळून स्वतःकडेच बोट दाखवलं.

“तिघाईचा एकाच दिवशी?” मनोहररावांनी परात पायानं जरा सरकवली. खालून अर्धवट पुसलेला नकाशा दिसला. त्यांची नजर थेट पुलगाववर गेली. ते लालभडक होतं. “न् हे काय हाय? पुलगाव लाल काऊन?”

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बंडोपंतांना हळूताईचे हात दिसत होते. हळदीकुंकवानं भरलेले ते हात अजून नकाशा पुसतच होते, आणि तिची नजर ठाणेदारावर नव्हतीच. कुठल्या तरी दुसऱ्याच दारावर होती. बंडोपंतांच्या लक्षात आलं: हा आपण खेळ मांडला होता. तिच्यासाठी तो खेळ नव्हता.

ते उठले आणि शांतपणे म्हणाले, “वाढदिवस नाही, ठाणेदारसाहेब. हा गणिताचा वर्ग आहे.”

“मास्तर!” हळूताईनं त्यांचा सदरा धरला.

“ताई, पुसू नका. इथं पुसायचं कारण नाही.” मग ते मनोहररावांकडे वळले. “मी साल्पेकर. बेचाळीसला तुमच्याच खात्याचा पाहुणा होतो, खोटं सांगत नाही. या ताई सेवाग्रामच्या. यांच्या देशात गणित शिकवलं म्हणून यांच्या मास्तरांना पोलीस घेऊन गेले, ते परत आले नाहीत. त्यांना आत्ता वाटतंय, आपण त्यासाठीच आलात. तर आधी त्यांना सांगा की तसं नाही. मग माझी जी चौकशी करायची ती करा.”

मनोहरराव चक्रावले. त्यांनी हळूताईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

“आता बाप्पा! ह्या तर हळूताई!” त्यांनी टोपी काढली. “माह्या मायच्या पायाले गँगरिन होऊन राह्यलं होतं, मागच्या उन्हाळ्यात. दोन महिने रोज पट्टी केली तुम्ही. माय अजून नाव घेते तुमचं.” मग गडबडीनं म्हणाले, “नाई हो ताई, कोणाले न्यायले नाई आलो. मले सांगतलं की इथं बॉम्ब बनवून राह्यले.”

“बसा तरी,” यशोदाबाई म्हणाल्या आणि पाट सरकवला. “शिरा घ्या. शिपाईदादा, तुम्हीही.”

मनोहररावांनी शिरा घेतला, आणि बंडोपंतांनी त्यांना नकाशाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा ऐकली.

“म्हणजे पाच रंग लागतीन असा नकाशा काढला, तर...”

“तर जगात तुमचं नाव होईल.”

मनोहररावांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. “खडू आना,” ते म्हणाले.

सगळे हसले. हळूताईही हसली. रडता रडता हसली. मग पदरानं डोळे पुसून ती उठली आणि बंडोपंतांच्या हातातून तिनं स्वतःहून खडू घेतला. थेट फळ्यापाशी गेली.

“चार रंगाचं कोणाले येत नाई,” ती म्हणाली. “पण पाच रंग पुरतात, हे पक्कं सांगता येते. बोरेत्स्की मास्तर आमाले तेच सांगून राह्यले होते, त्या दिवशी. अर्धं झालतं. उरलेलं आज करू.”

आणि तिनं ते केलं. सुरुवातीला रेघा वाकड्या येत होत्या. मग आवाज मोकळा झाला. दोन गावं, त्यांच्यामधून जाणारी एकाआड एक रंगांची साखळी, ती साखळी कापल्याशिवाय दुसऱ्या दोन रंगांच्या साखळीला पलीकडे जाता येत नाही. वऱ्हाडीत ते सगळं इतकं सोपं वाटलं की बंडोपंतांना तिचा हेवा वाटला. शेवटची रेघ ओढून तिनं खडू ठेवला.

“यान बोरेत्स्की,” ती म्हणाली. “त्याईचं नाव यान होतं.”

मग मनोहररावांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“ताई, ते मधातलं साखळीचं एकडाव पुन्हा सांगता का?”

मनोहररावांनी वर काय कळवलं ते कोणाला ठाऊक नाही, पण चौकशी तिथंच थांबली. पुढच्या गुरुवारी ते स्वतः एकटे, साध्या कपड्यांत आले, आणि बरोबर कोळशाची पुडी आणली. “पाचवा रंग,” म्हणाले. नोव्हेंबरात वर्धा मुंबई राज्यात गेलं. त्या दिवशी ठाण्यातल्या पाट्या बदलून ते वर्गाला उशिरा आले, आणि हळूताई त्यांना म्हणाली, “पाहा, तुमच्या बी गावावरून राज्य गेलं. पन किती गुमान गेलं!” मनोहरराव गुरुवारमागून गुरुवार नकाशे काढत होते. गावं वाकडी करून, एकात एक घालून, सगळे डाव टाकून पाहत होते, आणि दर वेळी कुसुमबाई चार रंगांत ते मिटवत होत्या.

स्वयंपाकघर पुरेना, तेव्हा मंडळ पुन्हा वाचनालयात न्यावं लागलं. बंडोपंतांना धाकधूक होती, की मोकळेपणी भरवलं तर पुन्हा चारच माणसं येतील. पण लोकांना तोवर गोडी लागली होती. अण्णाजींना बाकं कमी पडली आणि मोटारस्टँडवरची माणसं आर्वीची मोटार सोडून आत बसायला लागली.

हळूताईनं मलमपट्टी सोडली नाही. सकाळी दवाखाना आणि दुपारी मुलींच्या शाळेत गणित, असं तिचं सुरू झालं. मुली तिच्याकडून गणित शिकल्या आणि वऱ्हाडीतले काही शब्दही, ज्यांबद्दल कुसुमबाईंना पालकांची समजूत घालावी लागली. रविवारी बंडोपंत सेवाग्रामला जात. संख्यांचा तो जुना प्रश्न त्यांनी पुन्हा बाहेर काढला होता. त्याचं मुख्य काम मधल्या वर्षांत कोणी तरी करून टाकलं होतंच. पण एका कोपऱ्यात अजून जागा होती. दोघांनी मिळून तो कोपरा उकरला, आणि वर्षभरानं कलकत्त्याच्या एका गणिताच्या मासिकात चार पानांचा लेख छापून आला, दोघांच्या नावानं. जग हादरावं असं त्यात काही नव्हतं. पण अंक आला त्या दिवशी बंडोपंतांनी तो सदऱ्याच्या आत घालून सगळ्या गावातून सायकल फिरवली, आणि शाळेत एकही खडू मोडला नाही.

घरी येऊन त्यांनी तो यशोदाबाईंपुढं ठेवला. गुरुवारचा एकही वर्ग न चुकवलेल्या यशोदाबाईंनी हात धुतले, पानं उलटून पाहिली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे इथं ‘उघडच आहे’ म्हणून लिहिलंय ना, ते मला काही उघड दिसत नाही.”

बंडोपंत वाकले. वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“बरोबर आहे तुझं. एक पायरी सांगायला हवी होती.”

“मग पुढच्या गुरुवारी तीच मी सांगते मंडळात,” यशोदाबाई म्हणाल्या. “तयारीला मला दोन-तीन दिवस लागतील. तोवर स्वयंपाकाचं तुम्ही बघा.”

आणि बंडोपंत साल्पेकर पदरासारखा टॉवेल खोचून चुलीपुढं बसले. पहिल्या दिवशी पिठलं करपलं. दुसऱ्या दिवशी वरण उतू गेलं. माजघरातून पाटीवर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच यशोदाबाई विचारत होत्या, “अहो, मीठ घातलंत का?”